पुंजाजींच्या नावाने

"पुढचं नाव?" प्रसेनजितने विचारले. त्याची बोटे कीबोर्डवर तयार होती.

"मदनसिंग," स्नेहा म्हणाली.

"पुढचं?"

"नीलिमाताई. मग बबनकाका. मग मी."

टेबलाच्या पलीकडे उभे असलेले बबनराव पुढच्या नावाची वाट पाहत होते. हातातली बशी कलली, चहा बोटावर सांडला, तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही. स्नेहाने क्षणभर ओठ मिटले. खिडकीकडे पाहिले.

"झालं. एवढेच," ती म्हणाली.

प्रसेनजितने मान डोलावली. "मंग हे चार-पाच जन उचलतो नव्या सर्व्हरवर. ज्याचं त्याचं प्रोफाइल जिथल्या तिथं दिसन, फायली, फोटो, सगळं. अन ही जुनी डिस्क साफ पुसून यातच लावून देतो, बॅकअपले. साहेबांशी तसंच बोलनं झालं."

टेबलावर जुना सर्व्हर पोट उघडून पडला होता. गेल्या आठवड्यात वीज दोनदा आली-गेली आणि तिसऱ्यांदा आली ती याला घेऊनच गेली. त्याच्या दोन डिस्कांपैकी एक जळाली होती. दुसरी जिवंत होती आणि तिच्यात वाशीमच्या या बियाणे उत्पादक संघाचे सगळे काम होते.

बबनरावांना ठाऊक होते, ते सगळे काम एकाच नावाखाली होते, आणि ते नाव स्नेहाने घेतले नव्हते.

पुंजाजी म्हणजे स्नेहाचे वडील. संघात संगणक आले तेव्हा त्यांना हात लावायचे धाडस फक्त पुंजाजींनी केले होते. प्रिंटर त्यांनी जोडला, मराठी अक्षरे त्यांनी बसवली, बीजप्लॉटच्या तपासणी अहवालाचा तक्ताही त्यांनीच आखला, पण सारे स्वतःच्या नावाखाली. दुसऱ्या कोणी आपल्या नावाने उघडले की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येत. मग सगळेच पुंजाजींच्या नावाने बसू लागले. पासवर्ड सगळ्यांना पाठ होता. पुंजाजी गेले, त्यांच्या जागेवर त्यांची मुलगी लागली, तरी सकाळी येऊन आधी पुंजाजींना उघडायचे ही रीत मोडली नाही. मोडायची कशी, हेच कोणाला माहीत नव्हते.

फक्त स्नेहाला कळू द्यायचे नाही, एवढे न बोलता ठरले; तिच्याकडे इंग्रजीतला हिशेब होता, तो ती स्वतःच्या नावानेच करी. बापाच्या नावाने तीन माणसे रोज कामाला बसतात हे पोरीने पाहिले तर तिला काय वाटेल? पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नाव दिसे. तिथे नीलिमाने बुद्धाचा छोटा फोटो चिकटवला. मदनसिंगने सेवालाल महाराजांचा. बबनरावांनी नुसती कागदाची पट्टी लावली आणि ती कोरी बरी दिसेना म्हणून तिच्यावर गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवला.

आता ते बशी घेऊन बाहेर व्हरांड्यात आले. नीलिमा आणि मदनसिंग तिथे उभे होते. संगणक बंद, त्यामुळे हाताला काम नव्हते.

"पोरीनं पुंजाजीचं नाव नाही सांगतलं," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"म्हंजे?" नीलिमाने विचारले.

"म्हंजे तेवढं सोडून बाकीचं उचलते तो. अन मंग डिस्क पुसते."

मदनसिंगचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. बीजप्लॉट तपासायला तोच शेतोशेत फिरत असे. "अन माहे धनजचे प्लॉट?"

"सगळंच जाईन."

"धनजचं सोयाबीन तं सोंगून गंज्या लागल्या बाप्पा! आता काय तपासू, धसकटं?"

मदनसिंगची हातची टिपणे अहवालात चढली की फाडून टाकली जात, तीही पुंजाजींचीच शिस्त. अहवाल उद्या दुपारपर्यंत अकोल्याला वरच्या कार्यालयात पोहोचायचे होते. नाही पोहोचले तर धनज आणि अनसिंगच्या शेतकऱ्यांनी हंगामभर बियाणे म्हणून जपलेला माल साध्या धान्यासारखा मोंढ्यात विकला जाणार होता. उभे पीक कापल्यावर ते शुद्ध होते की नव्हते हे कोणी सांगू शकत नाही.

"तुमी सांगा ना तिले," ते नीलिमाला म्हणाले.

"मी काहून? तुमी सीनियर आहा."

"तुमी बाई मानूस. तुमच्या तोंडून बरं दिसते."

"वा! पोरीले रडवाचं काम तेवढं बाईनं करायचं काय?"

"मी सांगतो," मदनसिंग म्हणाला.

"तुमी तं बिलकुल नका सांगू," नीलिमा म्हणाली. "त्या दिवशी पुंजाजीच्या तेरवीत जाऊन तुमी बुंदी कोनाकून बनवली ते इचारलं होतं."

"चांगली झालती म्हून इचारलं."

दोघेही बबनरावांकडे पाहू लागले. कोणी असे पाहिले की बबनरावांना आपल्या शर्टाचे बटण उघडे असल्यासारखे वाटे. आयुष्यात त्यांनी फार कमी गोष्टी समोरासमोर सांगितल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत पुस्तक उघडून बसायचे, वाद निघाला तर पान उलटायचे. आताही वाटले, आपला समज चुकीचा असेल. प्रसेनजित शिकलेला मुलगा आहे, सगळेच उचलेल. एवढे मोठे काम त्याला दिसणार नाही का?

ते आत गेले. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. स्नेहा प्रसेनजितच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती, हात मांडीवर घट्ट गुंतवून. ती पाणी प्यायला उठेल, मग पोराच्या कानात सांगू, म्हणून बबनराव थांबले. ती उठली नाही. त्यांनी माठातून स्वतःच पाणी घेतले, प्याले, पुन्हा घेतले.

"काका, काही पाहिजे काय?" प्रसेनजितने विचारले.

"नाही, नाही. म्हटलं... जुन्या डिस्कमंधी चुकून काही राह्यलं, तं मागून काढता येते?"

"पुसल्यावर? नाही येत. म्हून तं आधीच इचारून घेतो." पट्टी संपली तसा तो पडद्याकडे वाकला. "तसं एक राह्यलंच आहे इथं. लय भारी आहे, सगळ्यायचं मिळून नाही एवढं एकट्याचं. पन मॅडमनं सांगतल्यात नाही ते. पुंजाजी म्हून आहे. हे कोन?"

पंखा फिरत होता. दारात नीलिमा आणि मदनसिंग येऊन उभे राहिले होते. स्नेहाची नजर तिच्या हातांवर होती.

"सोडून गेले काय?" प्रसेनजितने विचारले.

"हो," नीलिमाच्या तोंडून निघून गेले.

"मंग काही कामाचं नाही. नोकरी सोडलेल्यायचं आमी उचलत नाही." त्याने जुन्या डिस्कच्या खिडकीत काहीतरी निवडले. पडद्यावर डिस्क पुसायची का असा प्रश्न आला. खाली हो आणि नाही अशा दोन चौकटी. प्रसेनजितचे बोट माऊसवर गेले.

"थांब," बबनराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "माहं आहे ते."

"तुमचं? तुमचं तं बबनराव नावानं आहे न काका. रिकामं आहे पन."

"हो, पन ते... त्यात माहं काम आहे. म्हंजे..." त्यांना पुढे सरता येईना. स्नेहाकडे पाहायचे नाही असे ठरवूनही त्यांनी पाहिले.

"सगळ्यायचंच आहे त्यात," स्नेहा म्हणाली. "बाबांच्या नावानंच बसतेत सगळे."

मदनसिंगने दाराची चौकट धरली.

"तुले माहीत होतं?" नीलिमाने विचारले.

"मी लागली त्याच महिन्यात तुमच्या मॉनिटरवरचा फोटो पडला होता, ताई. पंख्याच्या हवेनं. तुमी जेवाले गेल्या होत्या." ती थांबली. "मीच चिकटवला परत."

नीलिमाने पदराचे टोक हातात घेतले आणि सोडले.

"मंग आत्ता नाव काहून नाही सांगतलं, पोरी?" बबनरावांनी विचारले.

"मले वाटलं तुमी सांगसान. मी सांगतलं असतं तं तुमाले समजलं असतं की हिले पहिलेपासून माहीत आहे. तुमी सगळे एवढं सांभाळून राह्यले होते..." तिने माठाकडे पाहिले. "तुमी पानी प्याले आले तेव्हा वाटलं, आता सांगतेत. मंग दुसरा गिलास घेतला तुमी."

प्रसेनजित एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता. "या ऑफिसात कोनी एकमेकाशी बोलत नाही काय?" तो म्हणाला. "एक बटन राह्यलं होतं, काका. एक!" त्याने 'नाही'ची चौकट दाबली आणि पुंजाजींचे प्रोफाइल उचलायला लावले.

पट्टी सरकेना. मग सरकली, पुन्हा अडली. जुनी डिस्क मधूनच दात खाल्ल्यासारखा आवाज काढत होती. ती कधीही मान टाकू शकते, असे प्रसेनजितने सांगून टाकले, आणि ते ऐकल्यावर कोणी जागचे हलले नाही. पंखा मंदावला तेव्हा चौघांनीही एकदम वर पाहिले. पण तो पुन्हा फिरू लागला. बबनरावांनी खुर्ची घेतली आणि तिच्या कडेवर बसले. पुंजाजी दवाखान्यात होते तेव्हाही ते असेच खुर्चीच्या कडेवर बसून राहिले होते, हे त्यांना आठवले, आणि आठवायला नको होते असे वाटले.

पट्टी पूर्ण झाली. धनज होते. अनसिंग होते. अक्षरे शाबूत होती. मदनसिंगने तंबाखू तोंडात टाकला, नीलिमा हसली आणि हसता हसता डोळे पुसून चहा सांगायला गेली.

"आता एक सांगा," प्रसेनजित म्हणाला. "हे कोनाच्या नावावर टाकू? नव्या सर्व्हरवर नसलेल्या मानसाचं नाव नाही चालत. मोबाईलवर नंबर येते, तो टाकल्याशिवाय उघडत नाही."

"ऑफिसच्या नावावर टाक," मदनसिंग म्हणाला.

"ऑफिसले मोबाईल असते काय, दादा? मानूस लागते."

"मंग स्नेहाच्या टाक. बापाचं लेकीले."

बबनरावांनाही तेच योग्य वाटले. त्यांनी मान हलवली. त्यांना हायसेही वाटले होते.

"नाही," स्नेहा म्हणाली. "ज्याच्या नावावर टाकसान त्याचंच नाव अहवालाच्या खाली येते. तयार करनार म्हून. बाबा गेल्यावरही बाबांचंच येऊन राह्यलं होतं." ती बबनरावांकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "अहवाल तं काका, तुमी बनवता."

प्रत्येक पानाच्या तळाशी छापून येणारे ते नाव बबनरावांनी किती वेळा पाहिले होते. ते पाहून बरे वाटे. मित्राची आठवण, असे ते स्वतःला सांगत. पण पाकीट बंद करताना जे बरे वाटे ते वेगळे होते. वरून कधी कोणी विचारलेच, तर कागदावर त्यांचे नाव नव्हते.

"काका, नंबर सांगा," प्रसेनजित म्हणाला.

त्यांनी सांगितला. मधला एक आकडा चुकला, पुन्हा सांगितला. मोबाईल खिशात थरथरला तेव्हा तो काढताना त्यांच्या हातून चष्म्याचे घर खाली पडले. स्नेहाने ते उचलून टेबलावर ठेवले.

प्रिंटरमधून अनसिंगचा अहवाल आधी निघाला. मदनसिंगने तो पाकिटात घालायला हात पुढे केला, पण बबनरावांनी कागद सोडला नाही. ते खिडकीजवळ उजेडात गेले आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागले. शेतकऱ्याचे नाव, गट क्रमांक, वाण, भेसळ होऊ नये म्हणून शेजारच्या सोयाबीनपासून राखायचे अंतर. खालच्या ओळीत अंतर पुन्हा तेच. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बोट ठेवून रकाना वरून खाली पाहिला.

"मदनसिंग."

"काय भाऊ?"

"अनसिंगच्या सगळ्याच प्लॉटचं शेजारच्या शेतापासून अंतर पाच मीटर आहे काय?"

मदनसिंगने कान खाजवला. "असन तेवढं. अंदाजानं..."

"मोजलं नाही?"

"एवढी वर्षं तं कधी नाही इचारलं तुमी."

नीलिमा चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. बबनरावांनी कागद घडी न करता टेबलावर ठेवला, त्यावर पेपरवेट ठेवला. बाहेर ऊन अजून होते.

"अनसिंगचं कापलं नाही न अजून?"

"नाही. शेंगा पिवळ्या झाल्या, पन उभं आहे."

"टेप कोठी आहे?"

"गाडीच्या डिक्कीत."

"चाल मंग," बबनराव म्हणाले आणि चपला शोधू लागले. "अंधार पडाच्या आत होते."