खोट्या हाकेला खरी ओ

दादा बोलायला लागला की समोरचा माणूस हळूच छताकडे बघायचा. वाईट मनाने नव्हे. पहिला शब्द सुटेपर्यंत नजर कुठेतरी ठेवायला हवी ना. 'पाणी' म्हणायचं तर 'प'पाशी अशी गाडी अडायची की तोवर मी तांब्या भरून पुढे केलेला असायचा. पण हाच माझा भाऊ मागच्या खोलीत यंत्रासमोर बसला आणि मोर्सचे ठोके द्यायची पितळी खुंटी, म्हणजे 'की', बोटांखाली आली की घडाघडा बोलू लागे. हवामान सांगे, थट्टा करे, कुणाच्या गुडघ्यांची चौकशी करे. समुद्रापलीकडच्या माणसांना तो अडखळतो हे ठाऊकच नव्हतं. हौशी रेडिओचा त्याचा परवाना काचेत घालून भिंतीवर लावला होता. आईवडिलांची तसबीर त्याच्या खाली होती, वर नव्हती, यावरून काय ते समजा.

त्या खोलीत एके दिवशी सिनेमा आला.

दिग्दर्शक दादाचे शाळेतले मित्र. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. यांच्याकडे अंथरूणच नव्हतं, नुसते पाय होते. रहस्यपट काढायचा होता, आणि गोष्ट होती एका हौशी रेडिओवाल्याची, जो घरबसल्या खुनाचा छडा लावतो. प्रत्येकाची ठोके देण्याची ढब वेगळी असते. रेडिओवाले तिला 'हात' म्हणतात. सिनेमातला हा गुप्तहेर बुडत्या बोटीची खोटी हाक देतो, खुनी त्या सापळ्यात सापडून ओ देतो आणि आपल्या 'हाता'वरून ओळखला जातो.

"खोली तुझी, यंत्र तुझं, खुर्ची तुझी," दिग्दर्शक दादाला म्हणाले. "पडद्यावर तुझं नाव घालतो. यंत्र-सल्लागार."

"आ-आणि भाडं?" दादाने विचारलं.

"अरे, नाव मोठ्या अक्षरांत घालतो!"

गुप्तहेराचं काम करणारे गृहस्थ एरवी टपाल कचेरीत शिक्के मारायचे. गुप्तहेराची टोपी त्यांना इतकी आवडली की जेवतानाही ती डोक्यावरच असे, म्हणून सगळे त्यांना टोपीराव म्हणू लागले. शिक्के मारून मनगट तयार होतंच. दादाने चार दिवस शिकवून हाकेचे तेवढे ठोके त्यांच्याकडून घोटून घेतले. आलेले ठोके वाचता मात्र येत नव्हते. म्हणजे बोलता येतं पण ऐकता येत नाही. "आमच्या साहेबांसारखं," असं ते स्वतःच म्हणायचे.

दादाची एकच अट होती, आणि ती सांगताना तो अजिबात हसला नाही. खोटी हाक हवेत जाता कामा नये. एक ठोका जरी बाहेर गेला तरी परवाना जाईल. म्हणून त्याने यंत्रातून एरियलची वायर काढली, खिळ्याला टांगली आणि तिच्या जागी, यंत्राच्या मागे, एक साधा बल्ब जोडला. यंत्राची सगळी ताकद त्या बल्बात जळणार. दर ठोक्याला बल्ब उजळेल, बाहेर काही जाणार नाही. हवेत बोलताना परवान्यावरचं नाव द्यावं लागतं. सिनेमात गुप्तहेराची हाक होती म्हणून तिला नावही बनावट दिलं होतं. जगात कुठल्याच परवान्यावर नसलेलं.

सकाळी तालीम झाली. खिडक्यांवर घोंगड्या टाकून रात्र केली. ताटात वाटाणे फिरवून पाऊस पाडला. पाऊस माझ्याकडे होता. पुठ्ठ्याची भिंत एकदा टोपीरावांच्या अंगावर आली, त्यांनी ती एका हाताने धरून संवाद पुरा केला. बल्ब छान उजळत होता. मग जेवणाची सुट्टी झाली.

आता माझ्या चुकीकडे येते. माझे रोजचे काही नेम आहेत. जेवायला बसण्याआधी घरातली विस्कटलेली एक तरी वस्तू जागेवर लावायची, हा त्यातला एक. त्या दिवशी विस्कटलेलं इतकं होतं की कुठून सुरुवात करावी ते कळेना. तेवढ्यात खिळ्याला टांगलेली एरियलची वायर दिसली. आभाळात वीज चमकली की दादा ती काढून ठेवायचा आणि आभाळ निवळलं की मी परत जोडायची, हे वर्षानुवर्षं चाललेलं. यंत्राला लटकलेला बल्ब मला सिनेमावाल्यांचं काहीतरी नटवणं वाटला. अट सांगितली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. बल्ब काढला, पुसून फडताळात ठेवला, वायर जागेवर लावली, देवाला नमस्कार केला आणि पोटभर जेवले.

जेवणानंतर तासभर मी बोलत नाही. तोही नेम. सिनेमावाल्यांना त्याची फार सोय झाली होती. "शांतता राखा म्हणून ओरडावं लागत नाही असा एकच माणूस आहे या घरात," असं दिग्दर्शक म्हणत.

दुपारी प्रत्यक्ष चित्रण सुरू झालं. मी वाटाण्यांचं ताट घेऊन कोपऱ्यात. दादा दाराबाहेर, कारण खोलीत एवढी माणसं मावत नव्हती, आणि बल्बाकडे बघणारं दुसरं कुणी नव्हतं. टोपीरावांनी टोपी मागे सरकवली, 'की'वर बोटं ठेवली आणि हाक दिली. बुडतोय. मदत करा. बुडतोय. मग शिकवल्याप्रमाणे ऐकण्यासाठी कळ फिरवली, हेडफोन कानाला दाबले आणि डोळे विस्फारले.

"कुणीतरी बोलतंय," ते म्हणाले.

"वा!" दिग्दर्शक पुटपुटले. "चालू द्या."

"अहो, खरंच बोलतंय!"

"हे वाक्य कागदात नाही, पण छान आहे. चालू द्या!"

"अहो, कसलं चालू द्या! इथे आत टिकटिकतंय!"

दादा गर्दीतून वाट काढत आत आला. त्याने टोपीरावांच्या कानावरून हेडफोन ओढले. टोपी खाली पडली, ती कुणी उचलली नाही. दादा ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्याने पेन्सिल घेतली आणि शूटिंगच्या कागदामागेच लिहायला लागला. आम्ही खांद्यावरून वाचलं.

'ऐकलं. कुठे आहात? किती माणसं? धीर सोडू नका. बंदरात कळवतो आहे.'

दादाने यंत्राच्या मागे हात घातला. बल्ब नव्हता.

"को-को-कोणी..." त्याच्याने पुढे बोलवेना.

माझं मौन सुटायला अजून वीस मिनिटं होती. "मी," मी म्हणाले.

तो परत हेडफोनकडे वळला. रागावला असता तर बरं झालं असतं.

दिग्दर्शकांनी दार लावून घेतलं. "हे बघ, घाबरू नकोस. नाव बनावट आहे. त्या नावाचा माणूसच नाही, तर पकडणार कुणाला? यंत्र बंद कर आणि गप्प बस."

"तो बोटी पा-पाठवतोय."

"मग त्याच बनावट नावाने सांग ना, वाचलो म्हणून! आभार मान आणि बंद कर. सगळे सुटले."

दादाने मान हलवली. हेडफोनमधून ठोके येतच होते, आता जरा घाईने. तो लिहीत होता. 'उत्तर द्या. उत्तर द्या. मी आहे इथे.'

"तू खरं नाव सांगितलंस की संपलं," दिग्दर्शक म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "परवाना जाईल. मग तू बोलणार कुणाशी रे?"

हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, पण आजवर कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"दादा," मी म्हणाले, "माझी चूक आहे. माझं नाव सांग."

"चि-चिमणे," तो म्हणाला. चाळिशीतल्या बहिणीला अजून चिमणेच म्हणतो. "तुला ना-नाव नाही हवेत."

म्हणजे परवान्याचं नाव. त्याने कळ फिरवली आणि 'की'वर बोटं ठेवली. प्रथम स्वतःचं नाव दिलं, भिंतीवरच्या काचेतलं. मग सांगितलं: हाक खोटी. बोट नाही. सिनेमाचं चित्रण चालू होतं. एरियल जोडलेलं राहिलं. चूक माझी. बोटी परत बोलवा. क्षमा करा. पुन्हा एकदा नाव. त्याचा हात एकदाही अडखळला नाही.

मग थोडे ठोके आले. दादाने लिहिलं: 'देवाची कृपा. बोटी परत बोलावतो. कसला सिनेमा?'

'गुप्तहेराचा,' दादाने कळवलं आणि यंत्र बंद केलं.

पंधरवड्याने परवाना कचेरीचं बोलावणं आलं. मी बरोबर गेले. खोलीला एकच खिडकी, तीही फायलींनी अर्धी झाकलेली. अधिकाऱ्यांचा चष्मा नाकाच्या टोकाला आलेला. शेजारी टंकलेखक बोटं सरसावून बसला होता.

"दोन बोटी बाहेर पडल्या होत्या," अधिकारी म्हणाले. "वारा होता. तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

दादाने तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षरावर अडकला. टंकलेखकाने छताकडे पाहिलं. मी पुढे सरकले, "साहेब, वायर मी..." तेवढ्यात दादाने माझ्या हातावर हात ठेवला. तो स्वतःच बोलला. चार वाक्यं होती. ती सांगायला त्याला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मी मनात नामस्मरण करत होते आणि माळ दोनदा फिरली. अधिकारी चष्मा काढून ऐकत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, की शब्द पुरवला नाही. टंकलेखक मध्ये पुरवायला गेला तर म्हणाले, "ते सांगताहेत ना? तुम्ही टाइप करा."

"वायर जोडली कुणी, हे मात्र यात आलं नाही," शेवटी ते म्हणाले.

"मी," आम्ही दोघंही म्हणालो. दादा त्या एका शब्दाला कधी नव्हे तो माझ्या बरोबरीने आला.

"रकाना एकच आहे," अधिकारी म्हणाले. "आणि परवाना यांचा आहे." मग त्यांनी फायलीतून एक पत्र काढलं. हाक ऐकणाऱ्याचं होतं. तो एका बेटावर राहणारा, दीपगृहाच्या नोकरीतून निवृत्त झालेला म्हातारा. त्याने लिहिलं होतं, 'हात अगदी नवखा होता, म्हणूनच जास्त धसका घेतला. वाटलं, चालवणारा गेला आणि मागे राहिलेलं कुणीतरी जीव मुठीत धरून ठोके देतंय. या गृहस्थांनी पाच मिनिटांत आपल्या नावाने खरं सांगितलं नसतं तर आमची माणसं अंधार पडेपर्यंत शोधत राहिली असती. शिक्षा द्या, पण यांचा हात बंद करू नका. फार सुरेख हात आहे.'

परवाना गेला नाही. तीन महिने स्थगित झाला. यंत्राच्या कळीला लाखेचा शिक्का बसला.

त्या तीन महिन्यांत दिग्दर्शक रोज संध्याकाळी यायचे. सिनेमा जोडण्याचं काम चाललेलं, तरी यायचे. दादाला मुद्दाम वाकडे प्रश्न विचारायचे. "ही भिंत पडली तो तुकडा ठेवू की कापू?" दादा म्हणायचा, "ठे-ठेव." ते म्हणायचे, "का?" मग दादाला कारण द्यावं लागायचं. असं करत करत तो सलग अर्धा तास बोलू लागला. अडखळत, पण बोलू लागला. दिग्दर्शक छताकडे बघत नसत. चहाच्या कपात बघत, कारण तिसरा कप मागायचा असे.

सिनेमा एका छोट्या थिएटरात नऊ दिवस चालला. भिंत पडताना लोक पोट धरून हसले. टोपीराव "अहो, खरंच बोलतंय!" म्हणून ओरडले तेव्हा मात्र सगळं थिएटर चिडीचूप झालं. दिग्दर्शकांनी ते वाक्य ठेवलं होतं. पेपरात एका ओळीत लिहून आलं की गुप्तहेराचं काम करणाऱ्या नटाने तो एक क्षण अस्सल वठवला आहे. टोपीरावांनी ती ओळ कचेरीत काउंटरवर चिकटवली.

स्थगिती उठली त्या सकाळी कचेरीचा माणूस येऊन शिक्का फोडून गेला. दादाने आंघोळ करून धुतलेला सदरा घातला, वायर स्वतः तपासली आणि बसला. त्याने आपलं नाव हवेत दिलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बेटावरून ओ आली. दादाने लिहून घेतलं आणि खांदे हलवत हसू लागला. मी वाकून वाचलं.

'तीन महिने वाट बघतोय. आधी सांग, खुनी कोण?'

"सांग ना," मी म्हणाले.

"क-कसं सांगू? शंभर लोक ऐकत असतात. सिनेमाची ति-तिकिटं बुडतील."

"मग सिनेमा बघा म्हणावं."

"ती जाहिरात झाली. हवेत जाहिरात चा-चालत नाही." आता शिस्तीतून तो केसभरही ढळणार नव्हता.

त्याने कळवलं, 'पत्राने कळवतो.'

बेटावरून उत्तर आलं, 'टपालाची बोट आठ दिवसांनी येते. तोवर मी जगायचं कसं?'

दादाने त्याला गुडघ्यांचं विचारलं, वाऱ्याचं विचारलं. अर्धा तास टिकटिक चालली. मग तो उठला आणि तसाच टेबलाशी जाऊन पत्र लिहायला बसला. पाकीट बंद करताना मला म्हणाला, "चिमणे, व-वर लिही. खाजगी. आणि खाली दो-दोन रेघा मार."