चुलीवरच्या फळीवर एक मूकपट

मी एक जुना मूकपट आहे, मित्रांनो, आणि फार भित्रा आहे. माझी फीतच अशा रसायनाची आहे की नुसत्या उष्णतेनंही मी पेट घेतो. एकदा पेटलो की पाण्यानंही विझत नाही.

माझ्यात कर्जवसुली करणारे दोघे आहेत, एक जाडा आणि एक काटकुळा. कर्जदाराचं कपाट ते घामाघूम होऊन गावभर वाहतात, आणि कर्जदार आतच बसलेला असतो. कल्लप्पांच्या फिरत्या तंबूत माणसं पोट धरून हसायची. पाठीशी तापलेला दिवा असायचा, मी थरथरायचो. पण हसू ऐकलं की धीर यायचा.

तंबू मोडला तेव्हा कल्लप्पांनी मला खटकचिंचोळीच्या राघोबांकडे ठेवलं. राघोबांना कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. म्हणून कल्लप्पांनी डब्यावर कन्नड शब्द मराठी अक्षरांत लिहिले: ‘साल. बेंकी.’ साल म्हणजे कर्ज, हे माझं नाव. बेंकी म्हणजे आग, ही ताकीद.

राघोबा गेले. मी माळ्यावर धूळ खात पडलो. यंदा झाडलोट करताना त्यांची सून विजयश्री हिनं मला उतरवलं. ती उदगीरची, तिला कन्नड येत नाही.

“आत्याबाई, कोण्या सालचे बँकेचे कागद हायती. दमट लागंल, चुलीवरल्या फळीवर ठिवते.”

“ठिव की,” तिच्या सासूबाई कलाबाई म्हणाल्या. त्यांना कन्नड येतं, पण अक्षरओळख नाही.

फळीखालीच विजयश्रीच्या तान्ह्या मुलीचा पाळणा. रोज भाकऱ्या व्हायच्या, डबा तापायचा. मी आत जिवाच्या आकांतानं ओरडायचो; पण मूकपटाचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार?

परवा कलाबाईंना डब्याकडून उग्र वास आला. “कसला गं वास यायलाय? काय लिवलंय डब्यावर, नीट वाच बरं.”

“सा-ल. बें-की.”

“अगं, बँक न्हाई ती! कन्नड हाय! बेंकी म्हंजी आग! पोरीला घिऊन भाईर पळ!”

त्यांनी चूल विझवली आणि मला पदरात धरून रानातल्या रिकाम्या खोपीत आणून ठेवलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर काही लिहिलेलं दिसलं तर मोठ्यानं वाचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ऐकू जाईल असं. जळून जायची भीती मला जन्मापासून आहे, तिची सवय झाली. पण मी हसवण्यासाठी जन्मलो, आणि त्या मुलीनं अजून हसायलाही सुरुवात केली नव्हती.