उंबरठ्याअलीकडची पक्कड

शार्शेन उस्ता, म्हणजे मिस्त्री, सापडायच्या आधी झूराकानने बिश्केकमधले तीन कारागीर पचवले होते. एकाने नळ असा दुरुस्त केला की तो खालच्या शेजाऱ्याकडे गळू लागला. दुसरा शिडी ठेवून गेला तो गेलाच. तिसरा फक्त फोनवर बरा होता. शार्शेन मात्र बोलल्या वेळी यायचा आणि काम पुरं केल्याशिवाय उठायचा नाही. मग झूराकानने त्याला चहा पाजला, गरम तळलेले बोरसोक खाऊ घातले, बायकापोरांची चौकशी केली. माणूस घरचा झाला. इतका, की न बोलावताही येऊ लागला.

आज तिच्या लेकीचं, आयझादाचं, ठरायचं होतं. मुलाची आई बुरूल येऊन तिच्या कानात कर्णफुलं घालणार, की सोयरीक पक्की. या मंगल दिवसाची भेट म्हणून उस्ताने दाराला जाडजूड साखळी बसवली, अवजारांची पिशवी पाहुण्यांच्या पायात नको म्हणून बाहेर जिन्यात ठेवली आणि आतून साखळी लावून पाहिली.

ती अडकली. दार चार बोटं उघडायचं, पुढे नाही. सुरी वाकली, लाटणं मोडलं. चौथा मजला, त्यामुळे खिडकीचा विचारच नको.

तेवढ्यात फटीत बुरूलचा एक डोळा दिसला.

पिशवी तिच्या पायाशीच होती. झूराकानने पक्कड मागितली. पण बुरूल उंबरठ्यापलीकडून कुणाचं साधं 'कशा आहात?'सुद्धा ऐकून घेत नसे, अपशकुन म्हणून. उंबरठ्यावरून लोखंड दिलं की दोन घरांत भांडण ठरलेलं. जमिनीवरून सरकवलं तरी तेच. वाईट म्हणजे झूराकानलाही ते अगदी पटत होतं. लेकीच्या नशिबावर कोण पक्कड टाकणार?

पलीकडे पाय दुखल्याची कुरकुर सुरू झाली. कर्णफुलांची डबी पर्समध्ये गेली. आयझादा आरशासमोरून उठली.

"ताई," उस्ता खाली बसत म्हणाला, "हा उंबरठा मीच बसवलाय ना?"

त्याने दोन खुंट्या हाताने उपटल्या, फळी उचलून भिंतीला टेकवली आणि फटीतून विचारलं, "सांगा विहीणबाई, कुठंय उंबरठा?"

बुरूलने वाकून नीट पाहिलं. पक्कड आत आली, साखळी तुटली, दार उघडलं. पण बुरूल जागची हलेना. उंबरठा नाही तर उजवं पाऊल ओलांडून टाकायचं कशावरून? उस्ताने फळी परत ठोकून बसवली, तेव्हा कुठे ती उजव्या पावलाने आत आली.

अखेर कर्णफुलं कानात गेली. बुरूल चहा पिताना झूराकानच्या कानाशी आली. "आमच्याकडची दारं बघायला हा माणूस पाठवा ना. कायमचाच."

आत न्हाणीघरात उस्ता, कुणी न सांगता, काहीतरी ठोकत होता.

"मुलगी न्या," झूराकान म्हणाली. "उस्ता मागू नका."