साबणवाल्या मावशीची बादली

मित्रांनो, मी पत्र्याची बादली आहे. जुनी आहे, पोचे पडलेली आहे, गळक्या तळाला कथलाचा डाग दिलेला आहे. पण भंगारात जायला मी मुळीच तयार नाही. का, ते ऐका.

एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून घडवले. साबणवाल्या मावशीने मला विकत घेतले, तेव्हा तिचा साबण कुणाला ठाऊकही नव्हता. गाव बंदराचे. पोटापाण्यासाठी कुठून कुठून माणसे आलेली. गल्ली बदलली की बोली बदले, पेहराव बदले. ओरडून ओरडून मावशीचा घसा बसला. मग एके सकाळी मला पाण्याने भरून ती मासेवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसली. तुमचे सर्वांत मळके फडके आणा, मी धुऊन दाखवते, असे खुणेनेच सांगू लागली.

सगळ्या जिला थोरली म्हणत, त्या मासेवालीने टोपलीखाली डोक्यावर ठेवायची फडक्याची चुंबळ माझ्यात टाकली. धुतलेली चुंबळ तिने उन्हात धरून उलटसुलट पाहिली आणि साबण घेतला. मावशीचे पहिले गिऱ्हाईक तीच. पुढे गॅरेजवाले आले, रंगारी आले. प्रत्येकाचा मळ वेगळा आणि खात्री पटण्याची रीतही वेगळी. मी सगळ्यांचे पाणी पोटात घेतले.

धंदा वाढला, तसा मावशीचा जावई मदतीला आला. त्याने हौसेने एक जाहिरात छापून घेतली. सगळ्या गल्ल्यांना तीच. चित्रातली बाई माशांची टोपली पाहून नाकाला रुमाल लावते आणि साबण हाती येताच हसते. मावशीलाही चित्र झकास वाटले. गल्लोगल्ली कागद लागले आणि मी जिन्याखाली गेले, फरशी पुसायच्या फडक्याच्या सोबतीला.

थोरली दुकानात आली. घेतलेल्या वड्या तिने फळीवर परत ठेवल्या.

"मावशे, या वासावर आमची चूल पेटते. तुला तो नकोसा झाला असेल, तर तुझा साबण आम्हाला नको."

गल्लीने साबण टाकला. जावई म्हणाला, एक गल्ली गेली तर जाऊ द्या, बाकीकडे खप उत्तम आहे. आता कागद उतरवले, तर चूक कबूल केल्यासारखे दिसेल.

"दिसू दे की, जावईबापू," मावशी म्हणाली. "आहेच चूक. जिथं मला पहिल्यांदा कुणी विचारलं, ती माणसं टाकून मला मोठं व्हायचं नाही."

तिने मला जिन्याखालून ओढून काढले. भर दुपारी, साऱ्या गल्लीदेखत, ती भिंत भिजवून कागद खरवडू लागली. खळ वाळून दगड झालेली. बायका दारात उभ्या राहून टोमणे मारत होत्या: अगं, रुमाल आणलास ना, मासळी जवळच आहे. मावशीने मान वर केली नाही. माझ्यातले पाणी संपले. थोरली उठली, तेव्हा मला वाटले, आता लाथ बसणार. तिने घरातून कळशी आणून माझ्यात रिती केली. मग मिठाने आणि बर्फाने भेगाळलेले आपले हात मावशीपुढे धरले.

"वासाचं आमचं आम्ही बघू. याचं काही करतेस का?"

मावशी कामाला लागली. तेलाचे प्रमाण वाढवून तिने नवा साबण केला. थोरलीने माझ्यातच हात धुऊन तो दोनदा नापास केला. तिसऱ्या खेपेला हातांची आग झाली नाही, तेव्हा कुठे गल्ली परत आली.

आता जावई म्हणतो, ही बादली दुकानाला शोभत नाही, नाव छापलेली प्लास्टिकची घेऊ. घेऊ दे. उद्या मावशी वीटभट्टीच्या वस्तीत निघाली आहे आणि तिच्या हातात मी असणार आहे. तिथली बोली आम्हा दोघींनाही येत नाही. आम्ही आधी बसणार, मग ऐकणार, मग विकणार.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगतेच. पण मोठेपणी काही विकायला निघालात, तर समोरच्याला त्याच्या कष्टाची लाज वाटेल असे काही भिंतीवर लावू नका. लावलेत, तर ते खरवडायला मी येईन. तळ गळका असला तरी भरून येईन.