लाल खुणेची लोकर

पहाटे दार उघडलं तेव्हा टार्न उंबऱ्याशी बसलेला होता आणि त्याच्या छातीवरची पांढरी लव रक्ताने थिजून कडक झाली होती. कुत्र्यालाच जखम झाली असं समजून हेस्टर टॅलेंटायरने त्याचं सगळं अंग चाचपलं. जखम कुठेच नव्हती. मग तिने जबडा फाकवून पाहिला. दातांच्या फटीत लोकर अडकली होती आणि त्या लोकरीला लाल रंग होता. टॅलेंटायरांच्या मेंढ्यांच्या पाठीवर निळी खूण असते. लाल खूण माळापलीकडच्या एवर्ट कूल्थर्डची.

त्या डोंगरात माणसाने माणूस मारला तर खाली ॲपलबीला खटला चालतो, वकील येतात, तारखा पडतात. कुत्र्याने मेंढी मारली तर सगळं एका दिवसात उरकतं. माळावरच्या प्रत्येक घराने आपला कुत्रा दोरीला बांधून आणि आपली बंदूक घेऊन नुकसान झालेल्याच्या अंगणात हजर व्हायचं. कुत्र्याला धुण्याचा सोडा चारायचा. ज्याच्या ओकारीत लोकर निघेल त्याला त्याच्याच मालकाने सगळ्यांदेखत गोळी घालायची. तो कुत्रा पुरायचासुद्धा नाही. मेलेल्या मेंढ्यांच्या ढिगावर टाकून जाळायचा.

एकदा लागलेली रक्ताची चटक सुटत नाही हे हेस्टरला कुणी शिकवायला नको होतं. पण पाच दिवसांपूर्वीच्या वादळात तिच्या त्रेचाळीस गाभण मेंढ्या दगडी गडग्याच्या आडोशाला उभ्या राहिल्या आणि तिथेच बर्फाखाली गाडल्या गेल्या. बर्फाखाली मेंढी दोन आठवडेसुद्धा तग धरते, फक्त कुणीतरी तिला शोधून काढायला हवं. डोक्याएवढ्या बर्फावरून खालच्या मेंढीचा वास घेणारा कुत्रा त्या माळावर एकच होता, आणि तो तिच्यापुढे शेपटी हलवत बसला होता. बाप खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर पडलेला. टार्न गेला तर मेंढ्या गेल्या आणि मेंढ्या गेल्या की घर गेलं.

मग तिने जे केलं ते पूर्ण शुद्धीत केलं, हे सांगून टाकलेलं बरं. तिने टार्नला मागच्या खोलीत नेलं, सोड्याचे दोन खडे त्याच्या घशात कोंबले आणि तोंड दाबून धरलं. त्याने ओकलं ते सगळं तिने शेगडीत घातलं. एक-एक दात चिंधीने पुसला, छाती गरम पाण्याने धुतली. वर ओटची पातळ लापशी पोटभर पाजली, म्हणजे दुसऱ्यांदा ओकताना काहीतरी निघायला हवं. आतून बापाने हाक मारून विचारलं, "काय गं, कसला वास येतोय?"

"दूध उतू गेलं, बाबा," ती म्हणाली.

आठाच्या सुमाराला जोसाया रेन आला. ओढ्याकाठच्या झोपडीत एकटा राहणारा हा म्हातारा धनगर. बायको जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चार हातांपलीकडचं त्याला धुरकट दिसायचं. त्याचा कुत्रा जिप पुढे चालायचा आणि जोसाया काठी टेकत त्याच्या मागून.

"ए पोरी, बंदूक काढ बापाची," त्याने दारातूनच आवाज दिला. "कूल्थर्डच्या नऊ मेंढ्या फाडल्यात रात्री कुणीतरी. दुपारच्या आत बोलावलंय."

"त्याचे स्वतःचे कुत्रे?"

"त्यांना आधीच पाजला म्हणे सोडा. काही निघालं नाही. म्हणजे उरलो आपण दोघं, तू चोर नाहीतर मी चोर!" म्हातारा खो-खो हसला. "माझा जिप तर रात्रभर पायाशी घोरत होता. कूस बदलू देईना मेला. चल, तेवढाच एवर्टचा फुकटचा चहा."

तिने टार्नच्या गळ्यात दोरी घातली, बापाच्या दुनळी बंदुकीत दोन काडतुसं भरून ती खांद्याला लावली आणि दार ओढून घेतलं.

घरापासून कूल्थर्डचं शेत उन्हाळ्यात तासाभराचं. त्या दिवशी तीन तास लागले. गडग्याचा माथा तेवढा बर्फातून वर दिसत होता, त्याच्या कडेकडेने दोघं चढत गेली. वरचा थर पाय ठेवला की तडकायचा आणि माणूस मांडीपर्यंत आत. वारा समोरून. हेदरच्या झुडपातून एखादा रानकोंबडा ओरडत उठला की हेस्टरचं काळीज लक्कन हलायचं. जोसायाचं तोंड मात्र बंद नव्हतं.

"तुझा बाप मोडला म्हणून वाचला. नाहीतर एवर्टला आज आधी शिव्या देऊन मगच कुत्रा दाखवला असता त्याने."

"काका, जपून बोला तिथे. तो माणूस हात उगारतो."

"उगारू दे. मलाही दोन आहेत."

माथ्यावर पोचल्यावर मेंढ्या दिसल्या. पहिलीचा गळा नव्हताच. दुसरीचं पोट उघडं पडलं होतं आणि न जन्मलेलं कोकरू बाजूला बर्फात गोठलं होतं. पुढे उतारभर लाल चिखल झालेला, लोकर विखुरलेली, कावळे बसलेले. खाल्लेली एकही नव्हती. नुसती मजा म्हणून मारलेली. टार्न दोरीला ताण देत कान उभारून त्या मेंढ्यांकडे बघत होता, आणि त्याच्या घशातून बारीक, लाडिक आवाज निघत होता. तिने दोरी मनगटाला दोनदा गुंडाळली.

खालच्या खळग्यातून घरघर ऐकू आली.

"जिवंत आहे एक," जोसाया म्हणाला आणि हाताने चाचपडत खाली उतरला. जिपला त्याने मोकळंच सोडलं होतं. त्या कुत्र्याला दोरी लावायची कधी वेळच आली नव्हती. जोसायाने गुडघा टेकून मेंढीचं डोकं मागे ओढलं आणि सुरी फिरवली. मेंढीने तीन-चार लाथा झाडल्या, त्याच्या हातांवर कोपरापर्यंत रक्त उडालं.

तेवढ्या वेळात जिप पहिल्या मेंढीपाशी गेला. म्हातारा कुत्रा, सकाळपासून उपाशी, समोर उघडं मांस. त्याने फाटलेल्या खांद्याचा लचका तोडला आणि लोकरीसकट गिळला. मग दुसरा गिळला. त्या लोकरीवर लाल पट्टा होता. हेस्टर दहा पावलांवर उभी होती. "जिप, हट!" एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. जोसाया वर आला तेव्हा कुत्रा शहाण्यासारखा त्याच्या पायाशी येऊन बसला होता.

"बिचारी," जोसाया हात बर्फाने घासत म्हणाला. "ज्याने हे केलं त्या कुत्र्याला मी स्वतः सोलला असता."



कूल्थर्ड अंगणातच उभा होता. लाल मानेचा, दांडगा माणूस, हातात आकडीची काठी. या-बसा नाही, चहा नाही. मागे मेंढ्यांचा ढीग रचायला सुरुवात झाली होती आणि शेजारी रॉकेलचा डबा ठेवलेला.

"आधी टॅलेंटायर," तो म्हणाला.

त्याने स्वतः टार्नचा जबडा फाकवला, दात पाहिले, सोडा कोंबला. टार्नने लापशी ओकली. कूल्थर्डने ती काठीने उकरून पाहिली. "बापाने लाडावलंय कुत्र्याला," तो गुरगुरला. "आता ह्या म्हाताऱ्याचा."

"घे बघ. जिप, आ कर, राजा," जोसाया म्हणाला आणि सोडा त्याने आपल्याच हाताने चारला.

पहिल्याच उमाळ्याला लोकर पडली. मांसाचा लिबलिबीत गोळा आणि त्यात गुंतलेला लाल पट्टा.

कूल्थर्डची काठी जिपच्या पाठीत बसली. कुत्रा किंचाळून लोळला. दुसरा घाव अडवायला जोसाया मध्ये पडला तो त्याच्या कानावर बसला. कान फाटला. म्हाताऱ्याने बंदुकीचा दस्ता उलटा फिरवून कूल्थर्डच्या तोंडावर हाणला, आणि दोघं बर्फात कोसळले. कूल्थर्डने त्याचं डोकं केसांना धरून जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा त्याच लोकरीपाशी नेऊन दाबलं.

"बघ! दिसत नाही ना तुला, मग जवळून बघ! कुणाची खूण आहे?"

जोसायाने पाहिलं. बोटांत धरून, डोळ्यांशी नेऊन पाहिलं.

"सोड मला," तो म्हणाला. "माझा कुत्रा आहे. मी करतो."

हेस्टरच्या जिभेवर शब्द आले होते, अगदी दातांपर्यंत. मग तिला बर्फाखालच्या त्रेचाळीस मेंढ्या दिसल्या आणि ती मूग गिळून उभी राहिली. म्हाताऱ्याने अंदाजाने नेम धरला. पहिली गोळी जिपच्या मागच्या पायाला लागली. तो ओरडत, फरपटत मालकाकडेच आला आणि त्याच्या बुटावर मान ठेवली. दुसरी गोळी तिथे झाडली गेली. कूल्थर्डने तोंडातला तुटका दात थुंकला, जिपला मागच्या पायांनी उचललं आणि ढिगावर भिरकावलं.

"संध्याकाळी पेटवतो," तो म्हणाला. "निघा."

परतीच्या वाटेवर जोसायाला पुढे चालणारं कुणी नव्हतं. हेस्टरने त्याचा दंड धरला. माथा येईपर्यंत तो गप्प होता. कानातलं रक्त मानेवर गोठलं होतं. मग तो बोलायला लागला, आणि गप्प होता तेच बरं होतं.

"हरामखोर. नऊ वर्षं माझ्या ताटातलं खाल्लं. मी बेकन खाल्लं की अर्धं त्याला. मला वाटायचं, जगात एक प्राणी माझ्याशी खोटं वागत नाही. रात्री मला गाढ झोप लागली की जात असणार. किती दिवस जात असेल गं? आणि सकाळी येऊन पायाशी झोपायचा, ढोंगी! बुटावर मान ठेवली त्याने. शेवटी पण मला फसवायलाच." तो थुंकला. "मी लाथ मारायला हवी होती."

"काका, नका बोलू असं."

"का नको? तुझा टार्न बघ. ह्याला म्हणतात इमान." आणि म्हाताऱ्याने चाचपडत हात पुढे करून टार्नचं डोकं कुरवाळलं. "ह्याची पिल्लं झाली की एक मला दे. देशील ना?"

हेस्टर थांबली. कुत्रा मारला तो मारला, पण मेलेल्यालाही ह्या माणसाच्या मनात तिने जिवंत ठेवलं नव्हतं. हे तिला सोसेना.

"जिपने काही केलेलं नाही," ती म्हणाली. "टार्नने केलं. पहाटे मी त्याचं पोट रिकामं केलं. जिपने वाटेत मेलेल्या मेंढीचे लचके खाल्ले, तुम्ही खाली होता तेव्हा. मी पाहिलं. मी हाक मारली नाही."

जोसायाने तिच्या आवाजाच्या दिशेने काठी फिरवली. ती तिच्या गालफडावर बसली आणि ती बर्फात पडली. दुसरी खांद्यावर बसली, तिसरी पाठीवर. तिने हात वर केले नाहीत. टार्न मात्र गुरगुरत म्हाताऱ्याच्या अंगावर झेपावला, बाही दातांत धरून त्याला खाली ओढलं, आणि दातांनी गळ्याकडे सरकू लागला. ते कुत्रं मालकिणीला वाचवत नव्हतं. तिने त्याचे डोळे पाहिले आणि तिला ते कळलं.

दोरी अजून मनगटाला होती. तिने दोन्ही हातांनी खेचली. कुत्रा फिरला, धापा टाकत, जीभ बाहेर काढून, खेळात व्यत्यय आल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला. तिने बंदूक उचलली. बर्फाखालच्या त्रेचाळीस मेंढ्या तिला पुन्हा दिसल्या, एकेक दिसली. त्या शोधून होईपर्यंत तरी, असं एकदा मनात आलं. मग तिने दोन्ही चाप एकदम ओढले. टार्न जागच्या जागी पडला.

जोसाया उठून बसला होता. आवाज ऐकून त्याला कळलं, विचारावं लागलं नाही. मग तोंड फिरवून तो आलेल्या वाटेने चालायला लागला, दोघांच्या पावलांचे खड्डे काठीने शोधत.

"काका, कुठे निघालात? दिसत नाही तुम्हाला!"

"त्याला ढिगावर टाकलंय," जोसाया म्हणाला. "पेटवायच्या आत पोचायला हवं. मी त्याला हरामखोर म्हणालो."

तो चालतच राहिला, धडपडत, पडून पुन्हा उठत. वाऱ्यावर त्याचा आवाज येत होता. तो जिपशी बोलत होता, माफी मागत होता, मध्येच त्याला थांब म्हणत होता. हेस्टरने खाली घराकडे पाहिलं. गडग्याशी सरळ पांढरा बर्फ पसरला होता, त्याखाली मेंढ्या कुठे आहेत ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं, आणि उजेडाचे जेमतेम दोन तास उरले होते. तिने टार्नला उचलून खांद्यावर घेतलं. तो अजून गरम होता. ती म्हाताऱ्याच्या मागे निघाली.

"दहा पावलं लांब राहा," तो न वळता म्हणाला. "आणि एवर्टला तू सांगायचं. सगळं. माझ्यासमोर."

"सांगते," ती म्हणाली.