जनकाबाईंचा औषधाचा डबा

मित्रांनो, मोताळ्याच्या एका घरातला पत्र्याचा जुना डबा आज तुमच्याशी बोलतो आहे. जन्मलो तेव्हा मी बिस्किटांचा डबा होतो. बिस्किटे संपली आणि जनकाबाईंनी मला औषधांसाठी ठेवले. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षे झाली असतील.

आमच्या गल्लीत कोणाकडेही गोळ्या उरल्या की त्या माझ्यात येऊन पडत. कोणाचे डोके दुखो, कंबर धरो, जनकाबाई माझे झाकण उघडत. लोक मला ‘जनकाबाईचा दवाखाना’ म्हणत आणि मी खुशाल फुगून बसे. खरे तर माझ्यात सर्वांत जास्त काय होते? अंगदुखीच्या पांढऱ्या गोळ्या. चहाबरोबर बिस्कीट घ्यावे तशी ती गोळी सगळे घेत.

मग जनकाबाईंचे यजमान तुळशीराम सरकी काढण्याच्या जिनिंग कारखान्यात कापसाचा बोजा उचलताना छाती धरून खाली बसले. त्यांना नागपूरला नेले. मीही पिशवीतून गेलो. हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि आणखी काही औषध चालू आहे का, असे विचारले. जनकाबाईंनी नाही म्हटले. खोटे बोलण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मी मात्र त्या वेळी गळ्यापर्यंत भरलेला होतो.

घरी आल्यावर नव्या गोळ्या माझ्यातच ठेवल्या गेल्या. सकाळी त्यातली एक. तुळशीरामांचे गुडघे जुनेच दुखणारे, म्हणून पांढऱ्याही दोन, रोजच्या रोज.

पंधरा दिवसांत त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. दंडावर निळे डाग उठले. डाग दुखतात म्हणून जनकाबाईंनी तिसरी पांढरी गोळी दिली. मला कारण कळत नव्हते, पण रोग माझ्यातूनच बाहेर जातो आहे असे वाटून मी भ्यालो होतो. त्यांचा हात झाकणाला लागला की माझा पत्रा थंड पडे. झाकण घट्ट धरून ठेवायचा मी जीव तोडून प्रयत्न केला. पण डब्याचे कोण ऐकतो? त्यांनी नखाने उचकटले.

एका दुपारी जेवता जेवता तुळशीरामांना रक्ताची उलटी झाली. एस.टी.ने घाट चढून त्यांना बुलढाण्याला आणले. सगळी वाट त्यांची मान जनकाबाईंच्या खांद्यावर लोंबत होती आणि पिशवीत मी खडखडत होतो. आता हा माणूस जातो, एवढेच माझ्या मनात होते.

तिथल्या डॉक्टरांनी नागपूरची चिठ्ठी वाचली आणि तोच प्रश्न विचारला. जनकाबाईंनी पुन्हा नाही म्हटले. डॉक्टर विचारात पडले, कारण चिठ्ठीतली मात्रा तर बरोबर होती. तेवढ्यात धाड गावच्या सिंधूताई नावाच्या नर्सबाई जनकाबाईंजवळ येऊन बसल्या. त्यांनी औषधाचे नावच काढले नाही.

“मावशी, ह्यायचं अंग दुखलं तं काय देता?”

“गोयी देतो ना. रोज दोन-तीन देतो,” जनकाबाई म्हणाल्या. “पन थे काय औषध हाय का बाई?”

सिंधूताईंनी मला पिशवीतून काढून थेट डॉक्टरांच्या टेबलावर पालथे केले. पांढऱ्या गोळ्या बघताच डॉक्टर उठले. तीही गोळी रक्त पातळ करते, पोटाला आतून सोलते, आणि दोन्ही मिळून माणसाचे रक्त आतल्या आत वाहू लागते, असे त्यांनी सांगितले. इंजेक्शन दिले, रक्ताची बाटली लावली. तिसऱ्या दिवशी तुळशीरामांनी पाणी मागितले.

पण त्या पहिल्या दिवशी टेबलाशी उभ्या जनकाबाईंनी माझ्याकडे बघितले. मग हळूच त्यांनी विचारले, “म्हंजे मीच देऊन राह्यली होती?”

सिंधूताईंनी त्यांचा हात धरला.

मित्रांनो, आता मी गंजलो आहे, तरी ते विचारणे आठवले की भीती वाटते. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊ असेल. डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठीबरोबर त्यालाही न्या. त्यांनी विचारण्याची वाट बघू नका. कोणती गोळी औषध आणि कोणती नाही, हे तुम्ही ठरवू नका. माया करणाऱ्या हातालाही ते कळत नाही, हे मी पाहिले आहे.