पिंपावरची उपडी पाटी

मी पत्र्याची पाटी बोलतेय. मुक्काम भिलाई, मजुरांच्या कँपातला दवाखाना, पाण्याच्या पिंपावर, तोंड खाली. माझं तोंड वाचायला पिंपातलं पाणी तेवढं आहे, आणि त्याला अक्षरओळख नाही.

कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती तेव्हा माझा जन्म झाला. नव्या डॉक्टरांनी पेंटरकडून माझ्यावर लिहून घेतलं: 'गरमी-परमा लपवू नका. बाहेर जाल तर रबर वापरा. रोग झालाच तर नवरा-बायको दोघांनी सुई घ्या.' लाल अक्षरं, बोटभर उंचीची. महिन्यात डॉक्टरांची बदली झाली.

कंपाउंडर भय्याजींनी त्याच दिवशी मला भिंतीकडे तोंड करून टांगलं. "समोर बायाबापड्या बसतात. लाज हाये का नाही?" पाठ कोरी दिसते म्हणून तिच्यावर 'येथे थुंकू नये' असं लिहवून घेतलं. तेव्हापासून लोक नेमके माझ्याखालीच थुंकू लागले.

शालिकराम भंडाऱ्याकडचा, चौथी पास, भट्टीवर दोरखंडांनी अवजड लोखंड वर चढवणारा रिगर. बायको मनकर्णा गावी. स्टेशनामागच्या वस्तीतून त्याने रोग आणला, दिवाळीला गावी जाऊन आला, आणि मग दवाखान्यात माझ्यासमोर मान खाली घालून बसला.

"कुठं दुखते?"

"तिकडंच."

"हं. सुई घे. पन कोनाले सांगजो नको. घरी तर नाहीच."

"सांगून कावून मरू, भय्याजी?"

तो बरा झाला. मनकर्णा दिवस गेलेली अशी भिलाईला आली. आठव्या महिन्यात मेलेलं मूल झालं. शेजारची गयाबाई म्हणाली, "पांढऱ्या पायाची हाये पोरगी." सगळ्या कँपाला ते पटलं. आपल्याकडे रोगाचं नाव घ्यायची लाज वाटते. बाईला नावं ठेवायला मात्र कुणाची जीभ अडत नाही.

मनकर्णाला पुन्हा दिवस गेले. त्याच सुमारास पिंपाचं झाकण फुटलं. भय्याजींनी शालिकरामला हाक मारली, "ते पाटी काढून दे. झाकन होईल."

त्याने मला उतरवलं, उलटवलं. ओठ हलवत वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं.

"भय्याजी, हे आधीपासून लिवलं व्हतं?"

"व्हतं ना."

"मंग भिंतीकडं तोंड कावून?"

"बाया बसतात ना रे समोर!"

"माही बायकोबी इथंच बसली व्हती," शालिकराम म्हणाला, आणि मला तोंड खाली करून पिंपावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो मनकर्णाला घेऊन आला. मला वाटलं, आता हा बोलेल. तो भय्याजींच्या कानाशी लागला, "तिले ताकदीची सुई म्हून सांगजा." भय्याजींनी मान डोलावली. लाज राखण्यात दोघे पुरुष पटकन एक झाले.

मुलगी झाली, धडधाकट. मनकर्णाने दवाखान्यात गूळ वाटला. पाणी प्यायला मला उचललं, हातात धरूनच गयाबाईला म्हणाली, "माया मालकाचा लय जीव हाये मायावर. ताकदीच्या सुया देवविल्या."

माझी लाल अक्षरं तिच्या डोळ्यांपासून वीतभर होती. तिने मला पुन्हा उपडं ठेवलं.

शालिकराम अजून दर महिन्याच्या सुट्टीला त्या वस्तीच्या वाटेने जातो. जाताना इथे पाणी पितो.

तुम्हीही तहान लागली की याल. या. पण झाकण उचललंत तर उलटं करा, आणि वाचता येत असेल तर मोठ्याने वाचा. मनकर्णाला वाचता येत नाही. ऐकू चांगलं येतं.